खुब्यातील लिगामेंटम टेरीस हा अस्थिबंध: एमआरआयमधील ‘अंशतः फाटल्याची शक्यता’ कितपत गंभीर मानावी?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)
माझा १९ वर्षांचा भाचा गंगावेशीकडील एका तालमीत कुस्तीचा सराव करतो. दिवाळीनंतर एका लढतीत टांग लागून पडताना त्याचा उजवा पाय दुमडून अंगाखाली आला; तेव्हापासून जांघेत खोलवर कळ येते आणि बैठका मारताना मध्येच खटका बसतो. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही. पुढे दोन्ही खुब्यांचा एकत्र एमआरआय काढला, त्यात ‘उजव्या लिगामेंटम टेरीसमध्ये सिग्नल वाढलेला, अंशतः फाटल्याची शक्यता’ असे लिहिले आहे. खुब्याच्या गोळ्याला (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला) रक्त याच अस्थिबंधातून जाते, म्हणून पुढे एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाड मृत होणे) होणार, असे नात्यातल्या एकाने सांगितल्यापासून बहिणीची झोप उडाली आहे. हे खरे आहे का?

उत्तर १ (शरीररचनाशास्त्र शिकवतो)
आधी रक्तपुरवठ्याविषयी. या अस्थिबंधातून एक बारीक धमनी गोळ्याकडे जाते हे खरे असले, तरी तिचे महत्त्व मुख्यतः बालपणात असते. वाढ पूर्ण झालेल्या माणसात गोळ्याला मुख्य रक्तपुरवठा मांडीच्या हाडाच्या मानेवरून वर चढणाऱ्या रक्तवाहिन्यांतून होतो. खुब्याच्या काही मोठ्या शस्त्रक्रियांत सांधा मोकळा करण्यासाठी हा अस्थिबंध मुद्दाम कापतात आणि मानेवरच्या रक्तवाहिन्या मात्र जिवापाड जपतात, यावरून काय ते समजावे. त्यामुळे ताईंना निर्धास्त करावे.

हा अस्थिबंध साधारण ३ ते ३.५ सेंटिमीटर लांब असतो. गोळा ज्या वाटीत बसतो तिच्या खालच्या कडेला जी खाच असते, तिच्या कडांपासून आणि ती खाच सांधणाऱ्या आडव्या अस्थिबंधापासून तो निघतो आणि गोळ्यावरील ‘फोव्हिया’ नावाच्या खळगीत रुततो. मांडी पोटाकडे दुमडलेली, आतल्या बाजूला ओढलेली आणि बाहेर फिरवलेली असताना तो सर्वांत जास्त ताणला जातो.

उत्तर २ (रेडिओलॉजिस्ट)
वरील माहितीला धरूनच सांगतो. फोव्हियाच्या जागी मुळातच कूर्चा नसते. नवख्या नजरेला तेथे कूर्चा झिजल्यासारखी दिसते, पण तो दोष नव्हे. तसेच अस्थिबंध बुडाशी दोन-तीन जुड्यांत विभागलेला असल्याने त्यांच्या मधली चरबी फिल्मवर रेघांसारखी दिसते आणि निरोगी माणसातही फाटल्याचा भास होतो. तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांच्या कोनात आले, तर एमआरआयच्या काही सिक्वेन्समध्ये (चित्र घेण्याच्या पद्धतींत) सिग्नल, म्हणजे चित्रातील उजळपणा, खोटाच वाढतो. म्हणून ‘सिग्नल वाढलेला’ एवढ्या शब्दांवर मी निदान ठरवणार नाही. तंतूंची सलगता तुटली आहे का, कडा विस्कटल्या आहेत का, सांध्यात पाणी आहे का, हे पाहीन.

दोन्ही खुबे एकाच चित्रात घेतले की एव्हीएन किंवा हाडातील सूज शोधायला ते उत्तम, परंतु एवढ्याशा अस्थिबंधासाठी चित्र ढोबळ पडते. फक्त उजव्या खुब्याचा, बारीक काप घेऊन केलेला ३ टेस्लाचा (जास्त ताकदीच्या चुंबकाचा) एमआरआय किंवा एमआर आर्थ्रोग्राम अधिक उपयोगी ठरेल. आर्थ्रोग्राममध्ये एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या आधाराने पातळ केलेले गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उठून दिसणारे औषध) सांध्यात सोडतात; सांधा फुगतो आणि भेगेत द्रव शिरला की ती उठून दिसते. जाताना जुनी सीडीही न्यावी, नुसता रिपोर्ट नको.

प्रश्नकर्ता
डॉक्टर, आपले आभार. अस्थिबंध फारसा फाटलेला नसेल, तर मग खटका कशाचा?

उत्तर ३ (फिजिओथेरपिस्ट)
पैलवानांच्या जांघेतील खटक्यामागे मला वाटीच्या कडेची कूर्चा, म्हणजे लॅब्रम, फाटल्याची शंका आधी येते. सांध्यावरून सरकणाऱ्या स्नायूच्या दोरीचाही तसाच आवाज येतो. लिगामेंटम टेरीसची इजा पुष्कळदा अशा दुखण्याच्या जोडीने सापडते, एकटी कमी. खुब्याच्या ऑर्थोपेडिक सर्जनांनी हाताने तपासून, डाव्या बाजूशी ताडून पाहिल्याखेरीज पुढचा स्कॅन मागू नये, कारण कोणता काप कोठून घ्यायचा हे त्या तपासणीवरच ठरते. तोवर खोल बैठका आणि टांगेचा सराव बंद ठेवावा. खांद्या-हातांचा व्यायाम त्रास न होता करता येत असेल तर वस्तादांच्या देखरेखीखाली चालू ठेवायला हरकत नाही. पायावर भार घेता येईनासा झाला किंवा दुखण्यासोबत ताप आला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.