मस्टँग जीटीला हाय-स्टॉल कन्व्हर्टर: 2800 की 3600?

कन्नडकर_व्ही8: 2017 ची मस्टँग जीटी, 5.0 लिटर, सहा गिअरचा ऑटो. इंजिन आतून कंपनीचंच, बाहेरून फक्त इनटेक, एक्झॉस्ट आणि ट्यून (इंजिन कॉम्प्युटरची सेटिंग). सुटताना 3000 च्या खाली गाडी दबल्यासारखी वाटायलीय, म्हणून टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलचा जोड) बदलायचा विचार करायलोय. दुकानदार 3600 स्टॉलचा घ्या म्हणायलाय (स्टॉल म्हणजे ब्रेकवर गाडी धरून थ्रॉटल दाबला तर इंजिन ज्या आरपीएमला अडतं तो आकडा). गाडी रोज संभाजीनगरात चालते, महिन्यातून दोनदा समृद्धीने नागपूर, मधूनमधून औट्रम घाट. कोणता घ्यावा?

गिअरवाला_नांदेड: भाऊ, 3600 नको. कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) कंपनीचाच आहे, म्हणजे खालच्या आरपीएमला इंजिनात जीव आहे. भारतात आलेल्या या गाडीचा पूर्ण टॉर्क, 515 न्यूटन मीटर, 4250 ला मिळतो. स्टॉल त्याच्या बराच खाली हवा. रोजच्या गाडीला 2600 ते 2900 पुष्कळ झाला. 3600 घेतला तर क्रांती चौकात पाय जरा टेकवला की इंजिन ओरडतं आणि गाडी मागून सावकाश येते.

आणि डब्यावरचा आकडा म्हणजे ठरलेला आकडा नव्हे. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे जास्त आरपीएमला स्टॉल होतो, साधारण टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. 700 न्यूटन मीटरच्या सुपरचार्जरवाल्या इंजिनावर 3200 दाखवणारा तुमच्याकडे 2750 च्या आसपासच येईल. म्हणून विक्रेत्याला आधी विचारा, हा आकडा कोणत्या इंजिनावर मोजला? गाडीचं वजन, अ‍ॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे किती) आणि टायरचं माप न विचारता कन्व्हर्टर देणाऱ्याकडून घेऊच नका.

स्टॉल टॉर्क रेशोही विचारा, म्हणजे स्टॉलला कन्व्हर्टर टॉर्क किती पट करतो. तो जास्त असला की सुटताना धक्का मोठा बसतो, पण रोडच्या टायरवर चाकं नुसती जागेवर फिरतात.

परभणी_ट्रान्समिशन: वरचं सगळं बरोबर. माझा जोर लॉकअपवर. लॉकअप क्लच (वेग घेतल्यावर कन्व्हर्टर घट्ट जोडून घसरण थांबवणारा) नसलेला कन्व्हर्टर या गाडीला घेऊच नका. 3.55 चा अ‍ॅक्सल आणि 255/40 आर 19 टायर धरले तर सहाव्या गिअरला 100 च्या वेगाला इंजिन 1900 च्या आसपास फिरतं, समृद्धीच्या 120 ला 2300 च्या आत. म्हणजे स्टॉलच्या खालीच. लॉकअप नसला तर कन्व्हर्टर सारखा घसरत राहतो. 20 किलोवॅट लागत असताना 10 टक्के घसरण झाली, तर 2 किलोवॅट उष्णता ऑइलमध्ये गेली. घरातला गिझर एवढाच असतो. मे महिन्यात बाहेर 43 असताना ती जाणार कुठं? घाटात कमी वेगाला तर वाराही लागत नाही.

म्हणून मोठा प्लेटचा ऑइल कूलर आणि तापमानाचा मीटर बसवाच. लॉकअप कधी लागायचा ते ट्यूनरकडून नव्याने बसवून घ्या, नाहीतर जास्त घसरण बघून चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

कन्नडकर_व्ही8: 2800, लॉकअपवाला, पक्कं. कूलर कुठं जोडायचा? मिस्त्रीला आणखी काय सांगू?

परभणी_ट्रान्समिशन: कंपनीचा कूलर काढू नका. त्यातून निघालेलं ऑइल नव्या कूलरमध्ये आणि तिथून परत गिअरबॉक्सला.

बसवण्याआधी कन्व्हर्टरमध्ये साधारण लिटरभर ऑइल ओता. मर्कॉन एलव्ही हे गिअरबॉक्स ऑइलच, दुसरं नाही. मग हाताने फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने खट्ट करून गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात शेवटपर्यंत बसला पाहिजे. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) इंजिनाला हातानेच टेकायला हवं. मध्ये फट राहिली आणि ती बोल्ट आवळून ओढली, तर पंप गेलाच समजा. नव्या कन्व्हर्टरवर पहिल्याच दिवशी गिअरबॉक्स उघडायची पाळी येते ती बहुतेक याच चुकीने.

हाउसिंग आवळल्यावर फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) आणि कन्व्हर्टरमधली फट मोजा. बहुतेकांना 3 ते 5 मिलिमीटर चालते, पण कन्व्हर्टरबरोबर कागद येईल त्यातलाच आकडा धरा. फट अजिबात नसेल तर तिथंच थांबा, बोल्ट लावू नका, गिअरबॉक्स परत खाली घ्या.