बेरीजच करायची असेल तर एक्सएमएलची अख्खी फाइल लिस्टमध्ये कशाला ओतता?

पर्वतीपायथा
पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या एका भुसार व्यापाऱ्याचं छोटं काम घेतलंय. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिलं एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक गोष्टीला टॅगची खूण लावलेल्या मजकुराच्या फाइलीत काढायची, सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वाचायची आणि पार्टीवार उधारी दाखवायची. आधीच्या माणसाने एक्सडॉक्युमेंटने सगळी फाइल एकदम मेमरीत चढवली होती, त्यातून बिलांची लिस्ट, मग लिस्टवर बेरीज. वर्षभराची फाइल ३८० एमबी, गाळ्यावरचा पीसी ४ जीबीचा. बटण दाबून शेटजी चहा सांगतात, चहा येतो, पिऊन होतो, पडद्यावर गोल आपलं फिरतंय.

माझं म्हणणं, बेरजेला लिस्ट लागतच नाही. फाइल पुढे पुढे सरकत वाचणाऱ्या एक्सएमएलरीडरने एक बिल उचला, पार्टीच्या खात्यात रक्कम टाका, बिल सोडून द्या. मी लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करत, एक्सनोडच्या रीडफ्रॉम या फंक्शनने एकेक बिल काढतो. पोती मोजायला कोणी अख्खं गोदाम रस्त्यावर मांडत नाही. ‘मेमरी स्वस्त झालीये’ म्हणणाऱ्यांनी एकदा गुलटेकडीला येऊन तो पीसी बघावा.

पेठेतला पेन्शनर
३८० एमबी हा तुमचा अपवाद, त्याचा नियम करू नका. रोजच्या फायली एक-दोन एमबीच्या असतात. बिलाचा साचा म्हणून क्लास लिहायचा, त्यावरून फाइल वाचणाऱ्या एक्सएमएलसीरियलायझरला द्यायचा, चार ओळींत लिस्ट हातात. रीडरमध्ये आपण कुठल्या नोडवर, म्हणजे फाइलीतल्या कुठल्या तुकड्यावर, उभे आहोत हे आपणच लक्षात ठेवायचं. सहा महिन्यांनी दुसरा कोणी ते उघडेल आणि तुमच्या नावाने बोटं मोडेल.

आणि उद्या शेटजी म्हणाले, ‘तारखेप्रमाणे लावून दाखवा’, मग? रीडर मागे जात नाही. परत पहिल्यापासून वाचणार?

पर्वतीपायथा
काका, तारखेप्रमाणे लावायचं असेल तेव्हा लिस्ट करीन की. पण तिच्यात तारीख, पार्टी, रक्कम एवढंच ठेवीन. बिलातल्या मालाच्या चाळीस ओळी कशाला सांभाळू? शिवाय फाइलीत एका बाइटचं इंग्रजी अक्षर डॉटनेटच्या (सी शार्प ज्यावर चालतं त्या) स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मेमरीतल्या मजकुरात, दोन बाइट खातं.

पेठेतला पेन्शनर
आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे फाइलीत अक्षरं साठवायच्या पद्धतीत, तीन बाइटचं मराठी अक्षर तिथे दोनावर येतं, तेही सांगा. पार्ट्यांची नावं मराठीत लिहायला लावा शेटजींना.

हिंजवडीकर नाइलाजाने
दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. लिस्ट मोठी झाली तर पीसी बोंबलतो तरी. रिकामी आली तर कोण बोंबलणार? आमच्याकडे समोरच्या पार्टीने एक दिवस न सांगता मूळ टॅगवर नेमस्पेस, म्हणजे टॅगांच्या नावांना जणू आडनाव, लावली. फाइल डोळ्यांना तीच, टॅगही तेच. पण आम्ही टॅग शोधणाऱ्या डिसेंडंट्सला नुसतं टॅगचं नाव देत होतो, एक्सनेमस्पेस जोडलेली नव्हती, त्यामुळे एकही टॅग जुळेना. एरर नाही, काही नाही. लिस्टमध्ये शून्य आणि लॉगमध्ये ‘काम यशस्वी’. असे तीन दिवस गेले. तेव्हापासून शून्य आलं की मी प्रोग्राम सरळ थांबवतो.

सेमिकोलनताई
पर्वतीवाले दादा, तुमची बाजू मला पटते, म्हणूनच विचारते. लूप ‘जोवर रीडर.रीड’ असाच लिहिलाय ना? मग मोजून बघा. रीडफ्रॉम बिल वाचून झालं की रीडरला त्याच्या पुढच्या नोडवर नेऊन ठेवतो. त्यावर तुमचा लूप पुन्हा रीड करतो, म्हणजे आणखी एक नोड पुढे जातो. दोन बिलांच्या मध्ये नवी ओळ असेल तर ती मोकळी जागाच खाल्ली जाते, काही बिघडत नाही. पण फाइल एका सलग ओळीत असली, किंवा सेटिंगमध्ये मोकळी जागा वगळणारं इग्नोरव्हाइटस्पेस चालू असलं, तर दर दुसरं बिल गळतं. बिल सापडलं तर फक्त रीडफ्रॉम, नाही सापडलं तरच रीड, असं करा आणि लूपची अट ‘ईओएफ (फाइलीचा शेवट) होईपर्यंत’ ठेवा.

पेठेतला पेन्शनर
म्हणजे मेमरी वाचवली आणि बिलं घालवली. चार ओळींच्या सीरियलायझरला नावं ठेवत होतात ना?

पर्वतीपायथा
ताई, आत्ता बघितलं. वर्षाची फाइल ओळी सोडून येते, तिथे आकडा जुळतो. परवापासून रोजची जी येते ती सगळी एका ओळीत. नोटपॅडमध्ये बिलाचा टॅग शोधून मोजला, ६१८. माझ्याकडे ३०९. आणि शेटजी काल म्हणत होते, या दोन दिवसांत उधारी फारशी वाढली नाही, धंद्याला शिस्त लागली!

लूप बदलला, आता ६१८ येतात. मत मात्र बदललेलं नाही, काका. वर्षाची फाइल आता चहा यायच्या आत होते.

पेठेतला पेन्शनर
होऊ दे. खातं कशावर धरलंय? जीएसटीआयएनवर, म्हणजे जीएसटीच्या नोंदणी क्रमांकावर असेल, तर नोंदणी नसलेले सगळे किरकोळ दुकानदार रिकाम्या क्रमांकाखाली एकाच खात्यात गोळा झाले असतील.

पर्वतीपायथा
नावावर धरलंय.

हिंजवडीकर नाइलाजाने
नावावर? एकच पार्टी ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडर्स.’ अशी टिंबासकट दोनदा आली असेल बघा.

पर्वतीपायथा
बघतो. उद्या गाळ्यावर जायचंच आहे.