उत्तर: 'डज'नंतर 'एस' कुठे जातो?

इंग्रजीत 'ही वॉक्स' (तो चालतो) बरोबर, मग 'डज ही वॉक्स?' (तो चालतो का?) चूक का, असा प्रश्न आला आहे. 'वॉक्स'मधला तो 'एस' प्रश्नात गायब होत नाही, 'डू'वर जाऊन बसतो आणि त्याचं 'डज' होतं. एका वाक्यात तो एकदाच लागतो. नकारातही तसंच: 'शी डझंट वॉक'.

खरं तर साध्या वर्तमानकाळात इंग्रजी क्रियापद फारच गरीब आहे. आपल्याकडे चालतो, चालते, चालतोस, चालतेस, चालता, चालतात; तिकडे फक्त वॉक आणि वॉक्स! स्पेलिंगचं एकच लक्षात ठेवा: 'स्टडी'त वायआधी व्यंजन आहे म्हणून वाय जाऊन 'आयईएस' येतं, 'प्ले'त स्वर आहे म्हणून नुसता 'एस'.

मला विचाराल तर आपली माणसं अडखळतात ती दुसरीकडेच. 'मी दोन तासांपासून चालतोय' याचं आपण सरळ 'आय ॲम वॉकिंग सिन्स टू अवर्स' करून टाकतो. (मीही कित्येक वर्षं हेच केलं.) मराठीला इथे चालू वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला मात्र मागे सुरू झालेली क्रिया आतापर्यंत ताणून दाखवायला 'आय हॅव बीन वॉकिंग' लागतं. शिवाय दोन तास हा कालावधी, म्हणून 'फॉर टू अवर्स'. 'सिन्स'पुढे सुरुवातीची वेळ येते: 'सिन्स सिक्स ओक्लॉक'. कर्ता 'ही' असेल तर 'हॅव'चं 'हॅज', म्हणजे इथेही बदल 'डू'सारख्या सहायक क्रियापदातच, 'वॉकिंग' जसंच्या तसं.