जोशी काकूंचे डोळे आणि १४ ट्यूब

सोमवार

६:५२ जोशी काकू ए-२०१: शीतल, तुझ्या त्या सनस्क्रीनच्या ट्यूबमुळे काल रात्री अकरापर्यंत डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आज कपाळावर बारीक पुरळ आणि गालाची सालं निघतायत. ३८० रुपये भरलेत मी. पुढे काय करायचं ते सांग.

६:५३ जोशी काकू ए-२०१: ग्रुपवर लिहिलं कारण तू फोन उचलत नाहीस.

७:४० शीतल ए-५०३: काकू, सात वाजायच्या आत आलेला फोन मी कसा उचलणार 🙏 झोपले होते.

७:४१ जोशी काकू ए-२०१: आम्ही पाचला उठतो.

७:४४ ओंकार बी-४०२: शुभ सकाळ. कालच्या काशीद सहलीचे फोटो टाका ना कोणीतरी. बनाना राईडवाले.

७:४९ राणे वहिनी बी-१०१: फोटोत सावंत भाऊ ओळखूच येत नाहीत. पिठाच्या गिरणीतून उठून थेट समुद्रावर.

७:५५ सावंत ए-३०२: ती शीतलताईंची ट्यूब नव्हती वहिनी, आमच्या हिची जुनी होती. चोपडून चोपडून दमलो, पण पांढरेपणा काही जाईना. मागच्या मानेला लावायची राहिली, ती आता वांग्याच्या भरतासारखी झालीय. शर्टाची कॉलर सहन होत नाही.

८:०२ शीतल ए-५०३: सगळ्यांना एकदाच सांगते. सहलीला जायच्या आधी याच ग्रुपवर “शीतल, तू काय लावतेस, आम्हालाही मागव” असं १४ जणांनी लिहिलं होतं. वर जाऊन बघा. मला ती सूट होते म्हणून मागवली. यात एक रुपया कमावलेला नाही.

८:०४ राणे वहिनी बी-१०१: कमावला असं कोणी म्हटलं का?

८:०४ शीतल ए-५०३: शब्दांत नाही म्हटलं.

८:१० पाटणकर काका बी-३०४: मा. व्यवस्थापक समितीस, पार्किंगमधला कडुलिंब फेब्रुवारीत कोणाच्या परवानगीने तोडला याचे लेखी उत्तर अद्याप मिळालेले नाही. झाड असते तर सावली असती. सावली असती तर या ट्यूबा लागल्या नसत्या. – पाटणकर, बी-३०४

८:१२ सेक्रेटरी: काका, छाटला आहे. तोडलेला नाही. कृपया विषयाला धरून लिहावे.

८:१३ ओंकार बी-४०२: काका, काशीदला कडुलिंब नेणार होतात का 😄

८:२० जोशी काकू ए-२०१: डॉ. केतकरांनी सांगावं, ही ट्यूब वाईट आहे की नाही.

८:३१ डॉ. केतकर ए-१०४: काकू, मी दातांचा डॉक्टर आहे.

८:३१ जोशी काकू ए-२०१: डॉक्टर तो डॉक्टर.

८:३५ डॉ. केतकर ए-१०४: मीनलने फार्मसी केलीय, तिला विचारा. आणि काकू, तुमची दाढ दाखवायची राहिलीय. दोन महिने झाले.

८:५८ मीनल ए-५०२: ट्रेनमध्ये आहे, उभ्याने लिहितेय. काकू, ट्यूब वाईट नाही, तुमच्या चेहऱ्यासाठी चुकीची आहे. ती मॅट जेल आहे, तेलकट त्वचेसाठी. शीतलच्या नाकावर दुपारी तेल येतं, तिला ती बरोबर. तुमची त्वचा कोरडी. असल्या जेलमध्ये बहुतेक वेळा अल्कोहोल असतं, ते त्वचा आणखी सुकवतं, म्हणून सालं निघतायत. तुम्हाला क्रीमसारखं, थोडं स्निग्ध हवं, बिनवासाचं. पुरळ जाईपर्यंत काहीच लावू नका, नुसतं मॉइश्चरायझर.

८:५९ जोशी काकू ए-२०१: आणि डोळे?

९:०३ मीनल ए-५०२: पापणीवर लावलंत का?

९:०३ जोशी काकू ए-२०१: सगळीकडे लावा असं शीतल म्हणाली होती.

९:०४ शीतल ए-५०३: सगळीकडे म्हणजे मान, कान. डोळ्यांत नाही हो काकू.

९:०९ मीनल ए-५०२: घामाबरोबर कपाळावरचं ओघळून डोळ्यांत जातं. ऊन अडवणारी काही रसायनं, म्हणजे केमिकल फिल्टर, डोळ्यांना फार चुरचुरतात. डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडवालं लावावं, स्टिक मिळते, ती ओघळत नाही. सावंत भाऊ पांढरे दिसले ते बहुतेक असल्याच मिनरल ट्यूबने. झिंक किंवा टायटॅनियम डायऑक्साइड. नाजूक त्वचेला चांगलं, पण आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर राखेसारखं दिसतं.

९:१० सावंत ए-३०२: म्हणजे मी गणपतीतला उंदीर झालो ते शास्त्रीय कारणाने.

९:१५ पाटणकर काका बी-३०४: पुन्हा पाठवतो. मा. व्यवस्थापक समितीस, पार्किंगमधला कडुलिंब

९:१५ पाटणकर काका बी-३०४: अर्धाच गेला.

९:१८ पाटणकर काका बी-३०४: झाडे जतन करण्याचा कायदा १९७५ सालापासून आहे. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी दाखवावी. आमच्या लहानपणी ट्यूबा नव्हत्या, खोबरेल लावून शेतात जायचो. आणि ऊन अंगावर घेतलंच नाही तर ड जीवनसत्त्व कुठून येणार?

९:३३ मीनल ए-५०२: काका, खोबरेल तेलाने त्वचा मऊ राहते, ऊन अडत नाही म्हटलं तरी चालेल. आणि ‘ड’ची काळजी नको. रोजच्या वापरात सनस्क्रीन कोणी इतकं जाड लावत नाही की ते बंद व्हावं. तुमच्या शेतात डोक्याला मुंडासं असायचं ना? ते खरं सनस्क्रीन.

९:३४ पाटणकर काका बी-३०४: मुंडासं होतं. आणि बांधावर कडुलिंब होता.

९:४० परागची आई ए-४०४: आमच्या सईला पिंपल्स आहेत, १६ वर्षांची आहे. तिलाही तीच ट्यूब दिली होती. तिला काही झालं नाही, उलट चांगली वाटली. पण डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्सी काहीतरी. तरी परवा नाक भाजलंच.

९:४६ मीनल ए-५०२: डॉक्सीसायक्लिन असेल. त्या गोळीवर असताना उन्हाने त्वचा लवकर भाजते. रात्री लावायचं रेटिनॉलचं क्रीम असेल तर आणखीच जपायचं. जेल तिला ठीक आहे. नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलेलं बघा, म्हणजे रंध्रं बुजून नवे फोड येऊ नयेत. आणि टोपी, वहिनी. टोपी!

९:५२ राणे वहिनी बी-१०१: मला वांग आहे गालावर, डिलिव्हरीनंतरचा. मी ५० एसपीएफ लावते तरी दर उन्हाळ्यात गडद होतो. शीतलच्या ट्यूबनेही काही फरक नाही.

९:५३ शीतल ए-५०३: एका रविवारात वांग कसा जाईल वहिनी.

९:५४ राणे वहिनी बी-१०१: मी नुसतं सांगितलं ग. तक्रार नाही केली. तक्रार करायची असती तर तुझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं त्याची केली असती.

१०:०२ सेक्रेटरी: कुंड्यांबद्दल स्वतंत्र नोटीस काढली आहे. ती वाचावी.

१०:०८ मीनल ए-५०२: उतरले. राणे वहिनी, वांगाला नुसता एसपीएफ पुरत नाही. तो आकडा भाजवणाऱ्या किरणांचा, यूव्हीबीचा. काळपटपणा, सुरकुत्या यांत यूव्हीए या दुसऱ्या किरणांचा हात मोठा, त्यासाठी ट्यूबवर पीए बघायचं, जितकी अधिकची चिन्हं तितकं बरं. ही पद्धत जपानची. शिवाय वांग साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो, आपल्या रंगाच्या त्वचेत जास्तच. म्हणून तुम्ही टिंटेड घ्या, त्वचेच्या रंगाचं. त्यातलं आयर्न ऑक्साइड तो प्रकाशही बराच अडवतं आणि चेहरा पांढराही दिसत नाही. शीतलच्या ट्यूबमध्ये टिंट नाही.

१०:१० राणे वहिनी बी-१०१: आमच्या पार्लरवालीने एक ट्यूब दिलीय. महिन्यात वांग जातो म्हणाली. गेलाही होता थोडा. सोडली की परत येतो.

१०:११ मीनल ए-५०२: नाव फोटो काढून मला वेगळं पाठवा. इथे नको. त्यात मोमेटासोन किंवा बेटामेथासोन असं काही लिहिलंय का बघा.

१०:२६ राणे वहिनी बी-१०१: मोमेटासोन लिहिलंय.

१०:२८ मीनल ए-५०२: स्टेरॉइड आहे वहिनी. चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको. रोज लावलं की आधी गोरं दिसतं, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, शिरा दिसतात आणि ऊन सहन होईनासं होतं. मनाने एकदम बंदही करू नका, भडकतं. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, याच आठवड्यात.

१०:२९ डॉ. केतकर ए-१०४: माझ्याकडे नाही 🙏

१०:३५ सावंत ए-३०२: पुरुषमाणसाला हे सगळं लागतं का? मी गाडीत असतो दिवसभर. काचा बंद, एसी चालू.

१०:४१ मीनल ए-५०२: काचेतून यूव्हीबी फारसं येत नाही, म्हणून भाजल्याचं कळत नाही. बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीए बरंच येतं. तुमचा उजवा हात आणि उजवा गाल डाव्याशी ताडून बघा.

१०:४७ सावंत ए-३०२: खरंच की. बायको म्हणते उजवीकडून मी कोकणातला आणि डावीकडून पुण्याचा.

१०:४९ ओंकार बी-४०२: ताई, एसपीएफ ३० बरं की ५०? माझा मित्र १०० लावतो.

१०:५५ मीनल ए-५०२: ३० ने साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडतं, ५० ने ९८, १०० ने ९९. पण हे कधी? प्रयोगशाळेत लावतात तितकं जाड लावलं तर. आपण वाटाण्याएवढं घेऊन गालाला पुसतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ काढा, तेवढं चेहरा आणि मानेला. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. काशीदला किती जणांनी दुपारी परत लावलं?

१०:५६ ओंकार बी-४०२: 🤐

१०:५७ शीतल ए-५०३: मी सांगत होते. तेव्हा सगळे माशांच्या ताटावर होते.

११:०३ देशमाने बी-२०३: बाळ चार महिन्यांचं आहे, त्याला कुठलं लावू?

११:०५ मीनल ए-५०२: सहा महिन्यांच्या आत नको. सावली, झबलं, टोपडं.

११:०६ पाटणकर काका बी-३०४: सावली!! मा. समितीने नोंद घ्यावी.

११:३० जोशी काकू ए-२०१: माझे ३८० राहिले.

११:३२ शीतल ए-५०३: काकू, फोडलेली ट्यूब कंपनी परत घेत नाही. आणि मी ४० टक्के सवलतीत आणली होती. दुकानात ६०० च्या वर पडली असती.

१२:१५ सावंत ए-३०२: हिने शीतलताईंकडून घेतलेली ट्यूब आत्ता हातात आहे. शेवटी चेपलेल्या भागावर बघा, बारीक छापलंय. एक्स्पायरी जून लिहिलीय. याच वर्षीचा.

१२:१६ राणे वहिनी बी-१०१: म्हणजे ४० टक्के सवलत उगाच नव्हती.

१२:१८ शीतल ए-५०३: हा मेसेज हटवला गेला

१२:१९ जोशी काकू ए-२०१: काय लिहिलं होतं? मी चष्मा शोधत होते.

१२:२४ शीतल ए-५०३: मी तारीख बघितली नव्हती. चूक झाली. पण पुढच्या वेळी भाजीसुद्धा मागवून देणार नाही कोणाला, सांगून ठेवते.

१२:३० परागची आई ए-४०४: अगं असं नको. आंबे ठरलेत आपले.

१२:३१ शीतल ए-५०३: आंब्यांचं बघू.

१२:४० मीनल ए-५०२: जूनपर्यंत आहे ना, मग आत्ता चांगलीच आहे, फक्त गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि जूनपर्यंत ती उरणारच कशाला? ५० ग्रॅमची ट्यूब, एका वेळी ग्रॅमभर, दिवसातून दोनदा. महिन्यात संपायला हवी. ज्यांच्याकडे मागच्या उन्हाळ्यातली अजून अर्धी आहे त्यांनी हात वर करा.

१२:४१ सावंत ए-३०२: ✋ ती पांढरी. त्याच्या मागच्या उन्हाळ्यातली.

१२:४८ मीनल ए-५०२: टाकून द्या हो. आणि ज्यांना जेल चालत नाही त्यांनी ती तेलकट त्वचावाल्यांना द्यावी. ज्यांना हवी त्यांनी आधी दोन-तीन दिवस कानाखाली जबड्याशी थोडी लावून बघा. खाजलं नाही तर चेहऱ्यावर. हे आधी केलं असतं तर आजचा दिवस वाचला असता. माझी जेवणाची सुट्टी संपली.

१:०५ ओंकार बी-४०२: काकू, तुमची मी घेतो. २०० देतो.

१:०६ जोशी काकू ए-२०१: ३८०.

१:०६ ओंकार बी-४०२: वापरलेली आहे काकू.

१:०७ जोशी काकू ए-२०१: एकदाच. आणि डोळ्यांतलं पाणी मी धरलेलं नाही त्यात.

१:१० ओंकार बी-४०२: २५० आणि तुमचा रिचार्ज करून देतो.

१:१४ जोशी काकू ए-२०१: ये संध्याकाळी. थालीपीठ लावणार आहे. शीतल, तूही ये. लोणी आहे.

१:३० शीतल ए-५०३: येते काकू.

४:०० पाटणकर काका बी-३०४: तिसऱ्यांदा पाठवतो. मा. व्यवस्थापक समितीस, पार्किंगमधला कडुलिंब फेब्रुवारीत कोणाच्या परवानगीने तोडला याचे लेखी उत्तर अद्याप मिळालेले नाही. – पाटणकर, बी-३०४

४:२२ सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. सनस्क्रीन व कडुलिंब, दोन्ही विषय बंद करावेत. महत्त्वाची सूचना: टाकीच्या साफसफाईमुळे उद्या सकाळी १० ते सायंकाळी ५ पाणी बंद राहील. ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे.

४:२३ जोशी काकू ए-२०१: अहो, मीनल मला आत्ता फोनवर म्हणाली की ही ट्यूब नुसत्या पाण्याने निघत नाही, फेसवॉश लावून दोनदा धुवावं लागतं. पाणीच नसेल तर ओंकारने उद्या कानाखाली लावून बघायचं की परवा?