बी विंगचा जिना, गाठोडी आणि १८५० ची कोटी

शनिवार

मगदूम काका (बी १०४), सकाळी ७.१२: बी विंगच्या जिन्यात पहिल्या व दुसऱ्या मजल्याच्या मध्ये चार गाठोडी व एक पोतं गेले पंधरा दिवस पडून आहे. जिना येण्याजाण्यासाठी असतो, गोडाऊनसाठी नाही. उद्या आग लागली तर पळायचं कुठून? संबंधितांनी नोंद घ्यावी.

पोवार (सेक्रेटरी): काका नमस्कार 🙏 संबंधितांना नम्र विनंती की जिना मोकळा करून सहकार्य करावे.

घाटगे दादा (ए १०३): संबंधित कोण ते सगळ्यांना ठावं हाय. नाव घ्यायला कोण तयार न्हाई 😂

स्नेहल (बी २०१): नाव घ्या की, मीच आहे, जुन्या कपड्यांतून नवीन कपडे शिवणारी. पण काका, त्यातली दोनच गाठोडी माझी. बाकीची लोक दार न वाजवता ठेवून जातात. साफसफाई निघाली की स्नेहलच्या दारात. परवाच्या पोत्यात फाटके पायमोजे आणि एक गळका कुकर निघाला. कुकरचं मी काय शिवू?

घाटगे दादा: शिट्टीला झालर लावा.

सुतार सर (ए २०४): पाण्याची टाकी गेल्या रविवारी धुणार होते. त्याचे काय झाले?

वैशाली जाधव (ए १०१): मुद्दा बरोबर आहे काकांचा. धंदा करायचा तर गाळा घ्यावा. मी पण कुर्ती विकते, पण माझा माल कपाटात असतो. जिन्यात नसतो.

स्नेहल: वैशालीताई, तुमचा माल इथल्या गांधीनगरच्या कापडबाजारातून शिवून, घडी घालून, पिशवीत भरून येतो. माझा तसा येत नाही.

वैशाली जाधव: म्हणून माझी कुर्ती ३५० ला पडते. तुमची चिंध्यांची कोटी, म्हणजे ते जॅकेट, १८५० ला कोण घेणार? सहज विचारलं हं. राग नसावा.

घाटगे दादा: कोटी म्हणल्यावर मला वाटलं रुपये.

मगदूम काका: बी विंगच्या जिन्यात पहिल्या व दुसऱ्या मजल्याच्या मध्ये चार गाठोडी व एक पोतं गेले पंधरा दिवस पडून आहे. जिना येण्याजाण्यासाठी असतो, गोडाऊनसाठी नाही. उद्या आग लागली तर पळायचं कुठून?

स्नेहल: काका वाचलं. संध्याकाळपर्यंत उचलते. सागर कामावरून आला की.

रेश्मा भाभी (बी ००२): चिंध्या म्हणू नका वैशाली. मी बावीस वर्षं पिको फॉल करते, मला विचारा. नवीन तागा टेबलावर पसरून कात्री मारायला काही लागत नाही. जुनं कापड आधी उसवायचं, धुवायचं, मग खिडकीत उजेडाला धरून बघायचं कुठं विरलंय. साडी घडीवर पिचते, निऱ्या खोचतात तिथं विरते. ते सगळं चुकवून माप बसवायचं. जीन्सला सोळा नंबरची सुई, रेशमाला अकराची. एकाच कोटीत दोन्ही असलं तर जोडावर सुई मोडतेच.

अनिकेत कुलकर्णी (सी ३०१, भाडेकरू): एक सुती टी-शर्ट तयार व्हायला कापसापासून धरून सुमारे २७०० लिटर पाणी लागतं म्हणतात. त्यामुळे असलेलं कापड पुन्हा वापरणं केव्हाही चांगलं.

सुतार सर: आमच्याकडे सकाळपासून एक बादली आले नाही आणि तुम्ही २७०० लिटरचे सांगता. टाकीचे काय झाले?

शोभा काकू (ए ३०२): मी सांगतो ऐका. आमच्या आत्याबाई, म्हंजे सासूबाई, जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायच्या. आठ-दहा लुगडी एकावर एक, कडेनं धावदोरा घालत मधे यायचं. घरात कुणाचं कुठलं लुगडं कुठल्या वाकळंत गेलं ते तोंडपाठ असायचं. आता त्याला अपसायकलिंग म्हणायचं एवढाच फरक. स्नेहल, कर गं तू. मी पण दिलंय की तिला बोचकं.

अनिकेत कुलकर्णी: काकू, ‘सांगतो’ नाही, ‘सांगते’. 🙂

शोभा काकू: का रं बाळा? मी चाळीस वर्षं सांगतो, जेवतो, येतो, जातो. कोल्हापुरात ऱ्हायला आलायस, कोल्हापुरी ऐकून घे.

घाटगे दादा: नाद खुळा काकू. कुलकर्णी, पुण्याची गाडी दुपारी हाय बघा.

अनिकेत कुलकर्णी: मी गंमत केली. सॉरी काकू.

शोभा काकू: ऱ्हाऊ दे. संध्याकाळी ये, आंबोळ्या करणार हाय.

वैशाली जाधव: विषय भरकटतोय. १८५० चा हिशोब काही मिळाला नाही. आम्हालाही शिकायला मिळेल म्हणून विचारतेय.

स्नेहल: घ्या. अस्तर दीड मीटर १२०. फ्युजिंग, म्हणजे कापडाला आतून चिकटवायची पट्टी, ६०. बटणं ६०. धुणं, इस्त्री, साबण ६०. प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं एका नगावर वाटलं तर १५०. झाले ४५०. उसवण्यापासून शेवटच्या हातशिलाईपर्यंत अकरा तास. तासाला १०० धरले, ११००. एकूण १५५०. वर ३०० राहतात. त्यात न खपलेला माल, मोडलेल्या सुया आणि कापून झाल्यावर फाटलेली साडी. आणि हो, जुनं कापड फुकट मिळतं म्हणून वस्तू फुकट होत नाही.

वैशाली जाधव: अकरा तास जरा जास्तच नाही का? आमच्याकडचा कारागीर दिवसाला दहा नग काढतो.

रेश्मा भाभी: एकसारखे दहा काढतो. वेगवेगळे दहा काढायला सांगा त्याला.

घाटगे दादा: मागं त्या इटलीच्या प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरी पायताणासारखी चप्पल मिलानला दाखवली, लाखभर किंमत म्हणे, तेव्हा ह्या ग्रुपवर तीन दिवस छाती बडवत होता सगळे. हाताच्या कामाला किंमत न्हाई, कारागीर उपाशी, फॉरवर्डवर फॉरवर्ड. आता दारातली बाई १८५० म्हणली की लगेच चिंध्या व्हय?

वैशाली जाधव: घाटगे, तुम्ही घेतली का एक तरी?

घाटगे दादा: माझ्या मापाची न्हाई.

मगदूम काका: कोटीची किंमत हा माझा विषय नाही. बी विंगच्या जिन्यात पहिल्या व दुसऱ्या मजल्याच्या मध्ये चार गाठोडी व एक पोतं...

पोवार (सेक्रेटरी): काका, नोंद घेतली आहे 🙏

मगदूम काका: नोंद घेऊन गाठोडी हलत नाहीत पोवार. आणि दुसरं. रात्री घर्रर आवाज येतो. आमच्या हिच्या डोक्यावरच मशीन आहे.

स्नेहल: काका, दहानंतर मी मशीन लावतच नाही. गेल्या गुरुवारी लावली होती, प्रदर्शन होतं म्हणून, साडेअकरापर्यंत. ती चूक माझी. काकूंना सॉरी सांगा.

रेश्मा भाभी: स्नेहल, तुझी मोटर क्लच आहे ना? ती शिवत नसलीस तरी घुमत राहते. सर्वो बसवून घे, पायडल दाबलं तरच फिरते. आणि पायांखाली जाड रबर टाक. निम्मा आवाज फरशीतून खाली जातो.

वैशाली जाधव: मोटर चालते म्हणजे कमर्शियल मीटर लागणार ना? नियम सगळ्यांना सारखा हवा. मगदूम काका वीज बोर्डातले आहेत, तेच सांगतील.

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

मगदूम काका: चौतीस वर्षं बोर्डात काढली म्हणून नियम आहे तसा सांगतो. राहत्या घराच्या एका भागात कामधंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. वेगळं मीटर लागत नाही. स्नेहल सूनबाईंचं बिल मी पाहिलंय, चुकून आमच्या पेटीत आलं होतं. ११८ युनिट.

मगदूम काका: याचा अर्थ जिना अडवावा असा नाही.

स्नेहल: 🙏 काका.

घाटगे दादा: काका, दुसऱ्याचं बिल उघडून बघता व्हय?

मगदूम काका: पाकीट नव्हतंच त्याला.

रविवार

विलास भाऊ (बी ३०३), सकाळी ९.४०: स्नेहलवहिनींच्या स्टेटसला एक कोटी बघितली. निळी जीन्स, पाठीवर हिरवं इरकल, लाल काठ. ते लुगडं आमच्या आईचं आहे. शोभावहिनी, आईचं इरकल विकायला कुणाला विचारून दिलंत?

पोवार (सेक्रेटरी): विलासभाऊ, कौटुंबिक विषय कृपया खाजगीत 🙏

शोभा काकू: न्हाई पोवार, त्यानी हितं विचारलंय, मी हितंच सांगतो. भावजी, विकलं न्हाई, दिलं. आत्याबाई जाऊन सात वर्षं झाली. सात वर्षं ते बोचकं माझ्या पलंगाखाली हाय. दर पावसाळ्यात मी ऊन दाखवतो, डांबराच्या गोळ्या टाकतो. तुम्ही एकदा तरी विचारलं का, आईची लुगडी कुठं हायत म्हणून?

विलास भाऊ: विचारायचं काय त्यात? घरात आहेत म्हणून धरून चाललो होतो.

शोभा काकू: घरात म्हणजे माझ्या घरात.

घाटगे दादा: मी जरा दूध आणाय जातो.

विलास भाऊ: सात वर्षं सांभाळलीत, आणखी सांभाळता आली असती. १८५० चं लेबल लावून लोकांनी हात लावून बघायचं का त्याला?

स्नेहल: विलासभाऊ, मी बोलू का? बोचकं उघडलं तेव्हा वर इरकल होतं. अंगाचं सूत पार विरलेलं, बोट लावलं की जात होतं. काठ तेवढा शाबूत. नऊ वारातलं पाठीपुरतं कापड कसंबसं निघालं, तेही खाली फ्युजिंग लावलं म्हणून टिकलं. अजून दोन पावसाळे पलंगाखाली राहिलं असतं तर पीठ झालं असतं. मला काकूंनी कुणाचं आहे ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर विचारून कापलं असतं.

शोभा काकू: सांगितलं न्हाई खरं. सांगितलं असतं तर दिलं गेलं नसतं माझ्या हातनं.

रेश्मा भाभी: पुरानंतरची गोष्ट आठवते का कुणाला? २०१९ ला आपण पार्किंगमध्ये कपडे गोळा केले शिरोळला पाठवायला. लोकांनी काय काय टाकलं होतं. भोकं पडलेले बनियन, एका पायाची सलवार. तीन पोती तशीच परत आली. तिथल्या बायकांनी सांगितलं, आमचं घर वाहून गेलंय, अब्रू न्हाई. ती तीन पोती कुणी उचलली? स्नेहलनंच. त्यातल्या धड कापडाच्या पिशव्या शिवल्या, तिथनं हे सगळं सुरू झालं. आपण नको ते देतो आणि देऊन झालं की त्यावर हक्क सांगतो.

विलास भाऊ: भाभी, मी बनियनबद्दल बोलत नाहीये.

रेश्मा भाभी: ठावं हाय दादा. तुमचं वेगळं हाय. माझंच चुकलं.

वैशाली जाधव: म्हणूनच म्हणते, कुणाकडून काय घेतलं त्याची वही ठेवावी. आता हे बरं दिसतं का?

स्नेहल: हे मात्र पटलं वैशालीताई. आजपासून वही. नाव, काय दिलं, कापायचं की नाही, काही परत हवंय का. दारात ठेवून गेलेलं घेणार नाही.

मगदूम काका: हे कालच ठरायला हवं होतं.

विलास भाऊ: पदर कुठाय?

स्नेहल: कुठला?

विलास भाऊ: आईच्या इरकलचा. लाल टोप पदर. कोटीवर दिसत नाही.

स्नेहल: तो कापला नाही. रेशमाचा आहे, अजून चांगला आहे. पदर अंगाला जिथं जोडलाय तो टोपाचा जोड उसवावा असं वाटेना. त्याच्या टोकाला गाठ होती, सोडली तर आत तपकिरीची पूड आणि एसटीचं तिकीट. अक्षरं पुसलीत. डबीत ठेवलंय दोन्ही.

विलास भाऊ: (हा मेसेज डिलीट केला आहे.)

शोभा काकू: नरसोबाच्या वाडीला जायच्या त्या. दर पौर्णिमेला. तिकीट टाकायच्या न्हाईत कधी.

शोभा काकू: स्नेहल, पदर भावजींच्यात दे. आणि कोटी प्रदर्शनाला लावू नको. मी घेतो. १८५० पुरं घे. कमी केलंस तर बोलणार न्हाई तुझ्याशी.

विलास भाऊ: वहिनी, निम्मे मी देतो.

शोभा काकू: निम्म्यात काय करणार? एक बाही तुम्ही घालणार?

विलास भाऊ: स्नेहलवहिनी, जेंट्समध्ये होत नाही का ते? म्हणजे उरलेल्या काठाचं काही.

स्नेहल: अडीच वार काठ आहे. बिनबाह्यांचं जॅकेट होईल, कॉलरला आणि खिशाला काठ. छाती किती?

विलास भाऊ: ४२.

शोभा काकू: ४६ धर. लग्नातला कोट त्याला बसला न्हाई.

घाटगे दादा: आलो दूध घेऊन. काय झालं मधे?

सुतार सर: काही नाही. टाकी अजून धुतलेली नाही.

मगदूम काका, दुपारी १.०५: जिना मोकळा झाला. एक पोतं राहिलं होतं ते मी खाली पंपाच्या खोलीत ठेवलं आहे. त्यावर कुकर आहे. ज्यांचा असेल त्यांनी न्यावा. आमच्या हिच्या दोन नारायणपेठ आहेत, कापायच्या आहेत. वही सुरू झाली असेल तर नाव घालावे.