मदत हवी आहे: बाबाच्या बायपोलरबद्दल १३ वर्षांच्या मुलीला किती सांगावं?

नवऱ्याला बरीच वर्षं बायपोलर (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल उदासी असा मनाचा आजार) आहे. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू आहे आणि सध्या तो छान आहे. काळजी मुलीची वाटते.

बाबा सकाळी कसा उठला, यावर तिचा दिवस ठरतो. तो गप्प असला की तीही पाय न वाजवता वावरते. परीक्षा जवळ आली की पोट दुखतं, झोप लांबते, चिडचिड होते. यातलं वयाचं किती आणि ताणाचं किती, मला कळेनासं झालंय. स्वतःला इजा करावीशी वाटते का, हे थेट विचारलंय; तसं काही नाही.

आकडे वाचून झालेत, त्यामुळे नुसतं 'काळजी करू नका' नको. एका पालकाला बायपोलर असेल तर मुलाला तोच आजार होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण डिप्रेशन आणि अँग्झायटी अशा मुलांमध्ये जास्त दिसते. शिवाय सगळं जनुकांवर ढकलता येत नाही. घरातली भांडणं, ताण, बिघडलेली झोप यांचाही वाटा असतो. निदान तिथे तरी आपण काही करू शकतो.

तिला फक्त 'बाबाला बरं नाही' एवढंच माहीत आहे. आजाराचं नाव सांगायची माझी तयारी आहे. अडतं ते आनुवंशिकतेपाशी. 'तुलाही होऊ शकतो' हे ऐकून ती प्रत्येक उदासीला घाबरू लागली तर? न सांगावं, तर मोबाइलवर तिला दोन मिनिटांत सापडेल, तेही एकटीला.

दुसरं म्हणजे, आत्ताच समुपदेशकाकडे न्यावं का? २००९ मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात डिप्रेशन असलेल्या पालकांच्या किशोरवयीन मुलांना गटात सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) शिकवली होती. पुढे त्यांच्यात डिप्रेशन कमी आढळलं, पण ज्यांचे पालक त्या वेळी आजारी होते, त्यांना तितका फायदा झाला नाही. म्हणून वाटतं, नवरा बरा आहे तोवरच सुरू करावं. त्याचं म्हणणं, 'धडधाकट पोरीला पेशंट करू नकोस.' (तो अगदीच चुकीचा आहे असंही नाही.)

तिच्यासाठी गोळ्यांचा विषय आलाच तर घरातला बायपोलर डॉक्टरांना आधी सांगायचा, कारण नुसत्या अँटिडिप्रेसंटने काहींना मॅनिया (टोकाच्या उत्साहाचा झटका) होऊ शकतो, हे ठाऊक आहे.

अशा घरात वाढलेल्यांनी जरूर लिहा: तुम्हाला कोणी, कितव्या वर्षी सांगितलं? आणि तेव्हा काय ऐकायला हवं होतं?