शब्दचर्चा : मुरूम, पुटकुळी, पुरळ आणि ‘डाग’

प्रश्न : मुरुमांवरील औषधांसोबत रुग्णाला द्यायच्या एका मराठी माहितीपत्रकाची भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात मुरूम, पुटकुळी, पुरळ, फोड आणि तारुण्यपीटिका हे पाचही शब्द आलटूनपालटून एकाच अर्थाने वापरले आहेत, आणि ‘डाग’ हा शब्द तर जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात आहे. हे शब्द खरोखर समानार्थी मानावेत का? तसेच बेंझॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक ॲसिड, रेटिनॉइड यांना मराठी प्रतिशब्द द्यावेत का?

उत्तर : हे शब्द समानार्थी नाहीत, आणि औषधाच्या पत्रकात तरी ते तसे वापरू नयेत. ‘पुरळ’ हा समूहवाचक शब्द आहे. अंगावर एकदम उठणाऱ्या बारीक फोडांना, मग ते गोवराचे असोत किंवा एखादे औषध न मानवल्यामुळे आलेले असोत, आपण पुरळ म्हणतो. ‘पुटकुळी’ म्हणजे टोकाशी पाणी किंवा पू दिसणारा एकेकटा लहान फोड, जो शरीरावर कोठेही येऊ शकतो. केसाच्या मुळाशी येते ते ‘केस्तूड’, आणि खोलवर ठणकते ते ‘गळू’. ‘मुरूम’ या शब्दाला मात्र जागेची मर्यादा आहे : चेहरा, आणि त्याखालोखाल छाती, खांदे व पाठ, म्हणजे जेथे त्वचेतील तैलग्रंथी मोठ्या आणि दाट असतात तो भाग.

ही मर्यादा नेमकी रोगाच्या कारणाशी जुळते. पौगंडावस्थेत अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तैलग्रंथींचे काम वाढते, केसाच्या सूक्ष्म नलिकेच्या तोंडाशी मृत पेशी व तेल यांचा घट्ट बोळा बसतो, त्यामागे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे तेथे मुळात राहणारे जिवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. नलिकेचे तोंड बंद असेल तर पांढरट दाणा दिसतो, आणि उघडे असेल तर काळा. तो काळेपणा मळाचा नसून त्वचेतील रंगद्रव्याचा आणि हवेशी संयोग पावलेल्या तेलाचा असतो. म्हणून आपल्या पत्रकात ‘छिद्रांत घाण साचते’ असे वाक्य कोठे असेल तर ते प्रथम काढावे. ते वाचून मुले दिवसातून अनेकदा साबण लावतात, खरखरीत स्क्रबने चेहरा घासतात आणि मुळात सुजलेली त्वचा आणखी दुखावून घेतात. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा चेहरा धुणे पुरेसे आहे.

दुसरे उत्तर : ‘तारुण्यपीटिका’ या शब्दाबद्दल थोडे लिहितो. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथात क्षुद्ररोगांच्या म्हणजे किरकोळ रोगांच्या यादीत ‘मुखदूषिका’ येते, आणि तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या, शाल्मलीच्या म्हणजे आपल्या काटेसावरीच्या काट्यांसारख्या पिडका असे तिचे वर्णन केलेले आहे. काटेसावरीच्या खोडावरचे रुंद बुडाचे आणि टोकदार काटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या निरीक्षणाची अचूकता लगेच पटेल. मराठी पाठ्यपुस्तकांतला ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द याच परंपरेतला आहे. तरीही पत्रकासाठी तो मला योग्य वाटत नाही, कारण मुरूम केवळ तारुण्याच्या उंबरठ्यावर येत नाहीत. तिशी-चाळिशीतल्या अनेक स्त्रियांना हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, विशेषतः पाळीच्या आधी, मुरूम येतात. शीर्षकात ‘तारुण्य’ वाचून त्या ते पत्रक आपले नव्हे असे समजतील. त्याऐवजी ‘मुरूम’ वापरला तर रस्त्यावर टाकायच्या मुरुमाशी गोंधळ होईल ही भीती निराधार आहे, कारण संदर्भ पुरेसा स्पष्ट असतो. बोलण्यात ‘मुरमाचा’ ऐकू येत असले तरी लेखनात ‘मुरुमाचा’, ‘मुरुमांवर’ ही रूपे ठेवावीत.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून पुन्हा : ‘डाग’ या शब्दाकडे मी अधिक लक्ष देईन, कारण खरे नुकसान तेथे होते. मुरूम बसल्यावर मागे राहणारा तपकिरी किंवा काळपट रंग म्हणजे डाग. तो सपाट असतो आणि काही महिन्यांत पुष्कळसा फिका होतो, मात्र त्यासाठी उन्हापासून जपावे लागते आणि सनस्क्रीन लावावे लागते. त्वचा आत खचून राहिलेले खड्डे हे व्रण आहेत, आणि ते कोणत्याही क्रीमने भरून येत नाहीत. त्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडून वेगळे उपचार घ्यावे लागतात. गालांवर दोन्ही बाजूंनी पसरणारा तपकिरी पट्टा तर ‘वांग’ असतो, ज्याचा मुरुमाशी संबंध नाही. या तिन्हींना लोक डागच म्हणतात, आणि मग दुकानात जाऊन ‘डागांची ट्यूब’ मागतात. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळ आणि नितळ दिसतो, पण वापर चालू राहिला तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर केस वाढतात आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात. बंद केले की आग व सूज उसळते, म्हणून माणूस ती पुन्हा लावतो. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत यासाठी 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड मलमांना अनुसूची ‘एच’ लागू केली, परंतु ती अजूनही सहज मिळतात याचे मला फार वाईट वाटते. पत्रकात ‘डाग’, ‘व्रण’ आणि ‘वांग’ हे तीन शब्द वेगळे ठेवले, तर निदान वाचणारा आपल्याला काय झाले आहे ते नीट सांगू शकेल.

औषधांच्या नावांचे भाषांतर करू नये, कारण रुग्णाला ट्यूबवर तेच नाव शोधायचे असते. मात्र प्रत्येकाचे काम एका वाक्यात सांगावे. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते, 2.5 टक्क्यांचे मलम साधारणपणे 10 टक्क्यांच्या मलमाइतकेच उपयोगी पडते आणि त्वचेला कमी झोंबते, पण टॉवेल व उशीच्या अभ्र्याचा रंग उडवते. सॅलिसिलिक ॲसिड तेलात मिसळत असल्यामुळे छिद्रात उतरते आणि बोळा सैल करते. दुकानात मिळणाऱ्या फेसवॉशमध्ये ते 2 टक्क्यांपर्यंत असते. ‘ॲसिड’ म्हणजे चेहरा भाजणारे आम्ल नव्हे, एवढे स्पष्टीकरण येथे हवेच. ॲडापॅलीन आणि ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड औषधे नवा बोळा बनूच देत नाहीत, म्हणून ती एकेका मुरुमावर टिपक्याने न लावता, रात्री, मटाराच्या दाण्याएवढी घेऊन संपूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरायची असतात. क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक एकटे लावू नये, त्यासोबत बेंझॉइल पेरॉक्साइड असावे, नाहीतर जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

पुरवणी प्रश्न : ‘थोडीफार जळजळ होऊ शकते’ असे वाक्य पत्रकात आहे. ते पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. मराठीत त्वचेच्या संवेदनांसाठी नेमके शब्द आहेत, त्यांचा उपयोग करावा. रेटिनॉइड सुरू केल्यावर पहिले काही आठवडे चुणचुणणे, त्वचा कोरडी पडणे आणि पापुद्रे निघणे अपेक्षित असते. तेव्हा औषध एक दिवसाआड करावे आणि मॉइश्चरायझर लावावे. खूप आग होणे, लाली वाढतच जाणे किंवा सूज येणे हे अपेक्षित नसते. तेव्हा औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावे. खाज तर आणखी वेगळी बाब आहे : कपाळावर एकसारखे बारीक दाणे असून त्यांना खूप खाज येत असेल, तर ती बुरशीमुळे झालेली केशमुळांची सूज असू शकते आणि तिच्यावर मुरुमाची औषधे चालत नाहीत. क्रियापदांचेही तसेच आहे. मुरूम उठतो, पिकतो, बसतो. तो फोडला तर चिघळतो आणि मागे व्रण राहतो. ‘मुरूम फुटला’ आणि ‘मुरूम फोडला’ यांतला फरक पत्रकात जरूर दिसावा. परिणाम ‘लवकर’ दिसेल असे लिहू नये, ‘8 ते 12 आठवड्यांनी’ असे लिहावे, नाहीतर लोक तिसऱ्या आठवड्यातच औषध सोडतात.

तीव्र मुरुमांसाठी डॉक्टर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांविषयीच्या परिच्छेदात ‘गर्भविकृतिजनक’ असा शब्द असेल तर तो बदलावा. तेथे सरळ असे लिहावे : ‘या गोळ्या घेत असताना गर्भ राहिल्यास बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते. गरोदर असलेल्या स्त्रीने त्या घेऊ नयेत. गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने गोळ्या सुरू करण्यापूर्वी एक महिना, गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यानंतर एक महिना, डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भनिरोधक साधन न चुकता वापरावे.’ हा मजकूर ठळक अक्षरांत आणि पत्रकाच्या पहिल्याच पानावर असावा.